तांबड्या प्रकाशातील शिसे

तांबडा रंग व शिसे ह्यांचा स्नेह फार जुना आहे. मारुतीच्या मूर्तीस किंवा वेशीवरच्या म्हसोबास जो शेंदूर माखतात, तो परंपरेने शिशाचाच एक ऑक्साइड होय; शिसे हवेत दीर्घकाळ तापवीत राहिले म्हणजे आधी पिवळी व मग नारिंगी-तांबडी पूड हाती येते. युरोपातील मठांतून हस्तलिखिते नकलून काढणारे लेखकही आद्याक्षरांसाठी हाच रंग वापरीत. त्याचे लॅटिन नाव ‘मिनियम’. आणि लघुचित्रास इंग्रजीत जो ‘मिनिएचर’ शब्द आहे तो चित्राच्या लहानपणावरून नव्हे, तर ह्या मिनियमवरून निघाला. आमच्या रसशास्त्रकारांनी शिशास ‘नाग’ असे नाव दिले आहे. धातू मऊ, अंग थंड आणि दंश उशिरा जाणवणारा. तेव्हा हे नाव त्यास शोभते, असे म्हणावयास हरकत नाही.

आज हा जुना स्नेह एका अगदी नव्या ठिकाणी पुन्हा जुळू पाहत आहे. दूरचित्रवाणीचे संच, संगणक व खिशातले फोन ह्यांच्या पडद्यांवर जे चित्र उमटते ते तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांपैकी तांबडा ठिपका शिसे, सीझियम व आयोडीन ह्यांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी उजळावा, अशी खटपट २०१५ सालापासून जगातील अनेक प्रयोगशाळांतून चालू आहे. हे स्फटिक ‘पेरोव्स्काइट’ ह्या कुळातले. त्यांचा रंग मनोहर, कृती सोपी, खर्च अल्प. पण आयुष्य थोडे, आणि पोटात शिसे. विजेने स्वतः उजळणारे असे तांबडे पडदे अद्याप बाजारात आलेले नाहीत. त्यामुळे जो प्रश्न वस्तू घरोघर पोहोचल्यानंतर विचारण्याची मनुष्यजातीस खोड आहे, तो ह्या वेळी आधी विचारण्याची सोय आहे. प्रश्न असा की, डोळ्यांच्या सुखासाठी विष कितपत पत्करावे? आणि ‘ते फारच थोडे आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानावे काय?

ह्यात नीतीचा प्रश्न कोठे आला, हा तर रसायनज्ञांचा विषय, असे कित्येक वाचक म्हणतील. आम्हांस हे मान्य नाही. पडदा रसायनज्ञासाठी होत नसून आपल्यासाठी होतो, आणि ज्याच्या सुखासाठी एखादी गोष्ट केली जाते त्यास तिच्या परिणामांतून अंग काढून घेता येत नाही. तथापि निवाडा करावयाचा तर वस्तूची माहिती आधी हवी. माहितीवाचून केलेला धिक्कार हा माहितीवाचून केलेल्या कौतुकाइतकाच निरुपयोगी असतो. म्हणून प्रथम ह्या तांबड्या रंगाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

पडद्यावर चांगला तांबडा रंग आणणे ही गोष्ट आरंभापासून अवघड होती. रंगीत दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळात तांबडी चमक देणारे द्रव्य इतके मंद होते की, त्याच्याशी मेळ राखण्यासाठी हिरवा व निळा रंगही मुद्दाम मंद ठेवावे लागत. घरातील एक भावंड अशक्त म्हणून इतरांनीही अर्धपोटी राहावे, तसला तो प्रकार होता. १९६४ च्या सुमारास युरोपियम ह्या दुर्मिळ मूलद्रव्याचा उपयोग सापडला आणि चित्र एकदम उजळले. उलट एलईडी दिव्यांच्या घराण्यात तांबडाच वडील. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक ह्यांनी डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाचा जो पहिला व्यवहार्य एलईडी केला तो तांबडा होता. निळ्यासाठी जगास आणखी तीस वर्षे थांबावे लागले.

पण तांबडा म्हणजे कोणताही तांबडा चालत नाही. २०१२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अतिसूक्ष्म चित्रांच्या दूरचित्रवाणीसाठी रंगांचे जे प्रमाण ठरविले, त्यात तांबड्याची जागा ६३० नॅनोमीटर लांबीच्या शुद्ध तरंगाशी जुळती ठेवली आहे. त्याहून आखूड तरंग घेतला तर रंग नारिंगीकडे झुकतो. अधिक लांब घेतला तर रंग गडद होतो खरा, पण डोळ्यास तो दिसेनासा होऊ लागतो. मनुष्याची दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशास सर्वांत तीव्रतेने जाणते. ६३० ला ती तीव्रता जेमतेम एक-चतुर्थांश राहते, ६५० ला एक-नवमांश, आणि ६९० ला शतांशही नाही. रंगाचा गडदपणा वाढला की तितकेच उजळ दिसण्यासाठी अधिक वीज ओतावी लागते. ६३० ही डोळ्याची हौस व विजेचा खर्च ह्यांतील तडजोड आहे, आणि पुढील सर्व खटाटोप ह्या एका आकड्याशी नेमके जाऊन थांबण्यासाठी आहे.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ साली उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत ते गुस्टाव रोझे ह्या जर्मन शास्त्रज्ञास आढळले, आणि खनिजांचे शौकीन असलेले रशियन सरदार लेव्ह पेरोव्स्की ह्यांचे नाव त्यास मिळाले. त्या खनिजात शिसे नाही. कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन एवढेच आहे. पण त्यातील अणूंची जी चौकोनी बांधणी, तीच पुढे इतर अनेक पदार्थांत सापडली व त्या साऱ्यांस तेच नाव चिकटले. सीझियम व शिसे ह्यांचे संयुक्त क्षार रसायनज्ञांस १८९३ पासून माहीत होते. त्यांची बांधणी पेरोव्स्काइटाचीच आहे हे डेन्मार्कच्या ख्रिस्टियन म्योलर ह्यांनी १९५८ मध्ये दाखविले. त्यानंतर हा पदार्थ बहुतेक विस्मृतीत पडून होता. २०१५ मध्ये झुरिक येथे लोरेदाना प्रोतेसेस्कु, माक्सिम कोव्हालेंको व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच क्षारांचे ४ ते १५ नॅनोमीटर बाजूचे घनाकृती स्फटिक केले आणि जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत हवा तो रंग त्यांतून काढून दाखविला.

कृती ऐकून गृहिणींस नवल वाटेल. शिशाचा आयोडाइड तेलकट द्रवात, ओलेइक आम्ल व ओलेइल अमाइन ह्यांच्या साहाय्याने विरघळवून शंभर-दीडशे अंशांपलीकडे तापवावयाचा; सीझियमचे ऊन द्रावण त्यात एकदम ओतावयाचे; आणि पाच सेकंदांत भांडे बर्फाच्या पाण्यात धरावयाचे. फोडणी तडतडण्यास लागतो त्याहूनही कमी वेळ! ओलेइक आम्ल तर आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही विपुल असते. इतर जातीच्या सूक्ष्म स्फटिकांभोवती दुसऱ्या पदार्थाचे कवच मोठ्या निगुतीने चढविल्यावाचून ते नीट उजळत नाहीत. हे स्फटिक कवचाशिवाय, अंगी अनेक दोष असतानाही, लखलखतात. शास्त्रज्ञांस ह्यांची भूल पडली ती ह्यामुळे.

सहज उजळणाऱ्या ह्या वस्तूचे दुखणे असे की ती सहज मावळते. आयोडाइडाचा स्फटिक आपल्या ज्या काळ्या रूपात तांबडा प्रकाश देतो, ते रूप मोठ्या तुकड्यात तीनशेहून अधिक अंश तापमानावरच स्वस्थ राहते. घरच्या हवेत तो तुकडा पिवळा पडतो, आणि पिवळ्या रूपात त्याचे तेज जाते. शिसे व आयोडीन ह्यांनी रचलेल्या पिंजऱ्याच्या मानाने सीझियमचा अणू लहान पडतो; पिंजरा त्यास घट्ट धरू शकत नाही व कोसळतो. स्फटिक अत्यंत लहान केला तर त्याच्या पृष्ठभागाचे बळ हे काळे रूप सावरून धरते. ह्या कामी एक महत्त्वाचे पाऊल २०१६ मध्ये पडले, व त्यात पुण्याचा भाग आहे हे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील अभिषेक स्वर्णकार ह्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह असे दाखविले की, हे सूक्ष्म स्फटिक मिथिल ॲसिटेटाने बेताने धुतले असता त्यांचे थर उघड्या हवेतही महिनोन्‌महिने काळ्या रूपात टिकतात.

परंतु ह्या स्फटिकांचा प्रकाश ६९० नॅनोमीटरच्या आसपास पडतो. आपणांस हवा ६३० चा. तेथे पोहोचण्यास दोन वाटा आहेत. पहिली, आयोडीनमध्ये ब्रोमीन मिसळावे. मिश्रणाने रंग बरोबर ठिकाणी येतो, पण २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या एरिक होक, मायकेल मॅकगेही व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे अशा मिश्र पदार्थावर प्रकाश पडत राहिला म्हणजे आयोडीन एकीकडे व ब्रोमीन दुसरीकडे असे विभक्त होऊ लागतात. वीज खेळविली तरी परिणाम तोच. एकत्र कुटुंबात दिवाणखाना शोभतो, पण चुली वेगळ्या मांडल्या जातात, त्यातलीच गत. रंग पाहता पाहता गडद होत जातो. दुसरी वाट, ब्रोमीनच्या नादी न लागता स्फटिकच आणखी लहान, पाचएक नॅनोमीटरचा, करावा. येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. पाच नॅनोमीटरच्या बाजूवर अणूंची सुमारे आठ घरे बसतात. म्हणजे साऱ्या वाड्यात ५१२ घरे. त्यांतील बाहेरच्या भिंतीस लागलेली वगळली तर आत २१६ राहतात. निम्म्याहून अधिक, २९६ घरे, ऊन-पावसात उघडी. असा वाडा म्हणजे बहुतांशी भिंतच!

ह्या भिंतीचे रक्षण तेलकट रेणूंचे आवरण करते, आणि नेमके तेच आवरण विजेस आत येऊ देत नाही. धुऊन काढावे तर भिंतीतले अणू त्याबरोबर सुटतात, व उघडे पडलेले स्फटिक एकमेकांस चिकटून मोठे होतात. न धुवावे तर दिवा लागत नाही. गेल्या दशकातील ह्या विषयावरचे बहुसंख्य संशोधन म्हणजे ह्या आवरणाच्या जागी अधिक समंजस आवरण शोधण्याची कथा आहे. २०१८ मध्ये जपानमधील यामागाता विद्यापीठात आयोडीनयुक्त अमोनियम क्षारांनी हिरवे स्फटिक तांबडे करून, आत शिरलेल्या प्रत्येक शंभर विद्युत्कणांमागे एकवीस प्रकाशकण बाहेर काढण्यात आले. सपाट काचेत बराच प्रकाश आतल्या आत अडकून राहतो हे ध्यानी घेतले तर हा आकडा फार मोठा आहे. तो दिवा मात्र काही तासांतच मंदावे. २०२१ मध्ये ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ व त्यांचे ब्रिटिश व कोरियन सहकारी ह्यांनी मिश्र स्फटिकांवर दुसरा उपचार केला. त्यांनी ईडीटीए नावाचे एक द्रव्य व ग्लुटाथायोन ह्यांनी स्फटिकांचा पृष्ठभाग साफ केला. पृष्ठभागावरचे जे शिशाचे अणू नीट बांधलेले नव्हते ते त्या द्रव्याने उचलून नेले, आणि आयोडीन-ब्रोमीनची फारकत थांबली. ६२० नॅनोमीटरवर स्थिर रंग, आणि शंभरांमागे वीस प्रकाशकण.

हे ईडीटीए काय आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शिशाची विषबाधा झालेल्या मुलांच्या रक्तातून शिसे बाहेर काढण्यासाठी वैद्य जे औषध विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिरेतून देत आले आहेत, ते ह्याच द्रव्याचे कॅल्शियमयुक्त रूप होय. जे औषध रोग्यास, तेच स्फटिकास! आम्हांस ह्या योगायोगात केवळ गंमत दिसत नाही. स्फटिकाचे दुखणे व मुलाचे दुखणे ह्यांचे मूळ एकच आहे: शिसे आपल्या जागेवरून सुटणे. पिंजऱ्यात पक्के बसलेले शिसे प्रकाश देते. सैल झालेले शिसे आधी स्फटिकाचे तेज घालविते, आणि मग पडद्याबाहेर पडले तर मुलाची बुद्धी मंद करते. पुष्कळजण असे समजून चालतात की, तेज व टिकाऊपणा हा कारागिराचा प्रश्न, निरुपद्रवीपणा हा सरकारचा, आणि दोहोंचा संबंध नाही. प्रत्यक्षात टिकाऊपणाचे काम व निरुपद्रवीपणाचे काम ही बऱ्याच अंशी एकच आहेत. जो स्फटिकास दीर्घायुषी करतो तो न कळत एक नैतिक कार्य करीत असतो, आणि जो केवळ तेजाचा उच्चांक गाठून दिवा काही तासांत विझू देतो त्याने कौशल्य दाखविले, पण मुख्य काम मागे ठेवले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘बऱ्याच अंशी’ हे शब्द आम्ही जाणून योजले आहेत. अत्यंत टिकाऊ पडदाही एके दिवशी टाकला जातोच. तेव्हा त्यातले शिसे किती, हा प्रश्न उरतो, व येथे प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. पन्नास नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटरवर, म्हणजे साधारणपणे साठ इंची संचाच्या पडद्यावर, पसरला तर त्यात सुमारे सत्तर मिलिग्रॅम शिसे भरेल. तांबड्या ठिपक्यांचा वाटा तिसरा हिस्सा धरला तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. जुन्या काचेच्या नळीच्या संचात शिसे किलोच्या मापाने असे, आणि आपण त्यासमोर बसून वर्षानुवर्षे रविवारचे चित्रपट पाहिले. मग आता ह्या चिमूटभरासाठी एवढा गहजब कशास?

ह्या युक्तिवादात दम आहे, पण तो दिसतो तितका नाही. काचेतले शिसे काचेत वितळून एकजीव झालेले होते, आणि ते घातले होते ते नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांपासून प्रेक्षकाचे रक्षण व्हावे म्हणून. ते पहारेकरी होते. हे शोभेसाठी आहे. शिवाय पेरोव्स्काइट हा क्षार आहे, आणि पाण्याशी गाठ पडताच तो विस्कटतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, पेरोव्स्काइटातून मातीत गेलेले शिसे पुदिन्याच्या रोपांत इतर मानवी कृतींतून मातीत आलेल्या शिशाच्या सुमारे दहापट सहजतेने शिरते. तेव्हा ग्रॅमास ग्रॅम तोलून उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्या मापाने पंचवीस मिलिग्रॅम शिसे अडीच हजार लिटर पाणी त्या मर्यादेस नेऊन पोहोचविते. एका संचाचे थोडे. पण संच कोट्यवधींनी विकले जातात. शिशाची अमुक मात्रा मुलांस निर्धोक आहे असे आजचे वैद्यक म्हणत नाही.

‘थोडे आहे’ ह्या शब्दांचा एक इतिहासही आहे, आणि तो विसरणे आम्हांस परवडणार नाही. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली ह्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घातले असता इंजिनाची ठोठो थांबते असा शोध लावला. प्रत्येक गॅलनमागे शिसे अगदी थोडे. १९२४ मध्ये ते तयार करणारे काही कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तेव्हा १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरली. तीत डॉ. ॲलिस हॅमिल्टन ह्या विदुषीने, शिसे रस्तोरस्ती पसरू देऊ नये, असे निक्षून सांगितले. उलट पक्ष म्हणाला, सामान्य लोकांस अपाय होतो हे आधी सिद्ध करा. सिद्ध करण्याचा भार अपाय सोसणाऱ्यावर टाकला गेला, आणि काही काळ थांबविलेली विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ साली. एका ‘थोड्या’चा हिशेब मिटविण्यास शंभर वर्षे लागली. सिद्धतेचा भार कोणावर, हाच त्या सर्व प्रकरणाचा नैतिक गाभा होता, आणि ह्या नव्या पडद्यांच्या बाबतीतही तोच आहे.

आणखी एक गोष्ट प्रतिपक्षास विचारली पाहिजे. शिशावाचून असा तांबडा मिळत नाही काय? मिळतो. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील सॅमसंगच्या संशोधकांनी इंडियम व फॉस्फरस ह्यांच्या सूक्ष्म स्फटिकांचा तांबडा दिवा प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता पेरोव्स्काइटाच्या वरील उच्चांकांच्या तोडीची, आणि साधारण उजेडावर त्याचे आयुष्य दहा लाख तासांचे अनुमानिलेले. पेरोव्स्काइटाचे अभिमानी रंगाच्या शुद्धतेचे नाव घेतात, आणि हिरव्याच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण तांबड्याकडे येता येता त्यांच्या प्रकाशपट्ट्याची रुंदी वाढत जाते व दोघांतील अंतर फारसे उरत नाही. मग राहते काय? सोपी कृती व स्वस्ताई. इंडियम विरळा धातू आहे, त्याच्या स्फटिकांवर कवचावर कवच चढवावे लागते. शिसे मुबलक आहे आणि पाच सेकंदांत काम होते.

स्वस्ताईचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा आहे असे मात्र आम्ही मानीत नाही. चांगले चित्र केवळ श्रीमंताच्या दिवाणखान्यात दिसावे असा काही नियम नाही. डोळ्यांचे सुख जीवनास अनावश्यक, असे विरक्ताने म्हणावे. पैठणीचा काठ निवडताना ज्यांच्या घरी तासभर चर्चा होते त्यांनी म्हणू नये. आमचा आक्षेप सुखास नाही, त्याच्या वाटणीस आहे. तांबड्याचे सुख पाहणाऱ्यास मिळते. शिसे मिळते ते पडदा फोडणाऱ्यास. आपण संच जुना झाला म्हणून भंगारवाल्यास देतो, चार पैसे घेतो, आणि विषय संपला असे समजतो. तो संपत नाही. तो दिल्लीच्या सीलमपुरात किंवा मुंबईच्या कुर्ला-साकीनाक्याच्या गल्ल्यांत जातो, जेथे यंत्रे हातांनी फोडली जातात व तारा जाळून तांबे काढले जाते, आणि शेजारीच लहान मुले खेळत असतात. ज्याने सुख घेतले नाही त्याने विष घ्यावे, ह्यास ‘फार थोडे’ हे उत्तर होऊ शकत नाही. ते थोडे आहे की फार, हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे, देणाऱ्यास नाही.

कायदा ह्या बाबतीत आमच्यापेक्षा कठोर आहे, हे पाहून थोडे आश्चर्य वाटते. युरोपात २००६ पासून विजेच्या उपकरणांत शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे, व भारताच्या ई-कचरा नियमांतही तीच आहे. ही मर्यादा साऱ्या संचावर नव्हे, तर त्यातील प्रत्येक एकजिनसी थरावर लागू होते. सीझियम-शिसे आयोडाइडात शिसे जवळजवळ एकोणतीस टक्के. थर कितीही पातळ केला तरी टक्केवारी बदलत नाही. अर्थात अशा पडद्यास बाजारात यावयाचे तर सवलत मागावी लागेल. युरोपात कॅडमियमच्या पडद्यांस अशी सवलत काही काळ मिळालीही होती. ती मागणी आली असता तीस आंधळेपणाने नकार द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण मागणाऱ्याने तीन गोष्टी दाखवाव्यात: दिवा हजारो तास टिकतो, निकामी पडदा परत घेण्याची व्यवस्था कागदावर नव्हे तर गावोगाव आहे, आणि शिशाऐवजी दुसरे काही वापरून पाहण्यात त्याने खरोखर घाम गाळला आहे. ह्या शेवटच्या कामी कथिलाचा प्रयत्न झाला आहे. कथिल शिशाच्याच कुळातले, पण हवेतील ऑक्सिजनशी त्याचे इतके चटकन जमते की स्फटिक लगेच बिघडतो, व त्याचे तेजही अद्याप शिशाच्या स्फटिकास गाठत नाही.

शिसे बाहेर पडूच नये असाही एक प्रयत्न आहे. २०२० मध्ये अमेरिकेत पेरोव्स्काइटाच्या सौरघटांवर पुढून व मागून असे थर देण्यात आले की, घट फुटून पाणी आत शिरले तरी सुटलेले शिसे हे थर शोषून धरतात. शंभरांतील शहाण्णव भागांहून अधिक शिसे त्यांनी अडविले. मागच्या थरात ईडीटीएशी नाते सांगणारे ईडीटीएमपी हे द्रव्य होते. पडद्यांसही असा थर देता येईल, आणि द्यावा. मात्र तो थर पाण्याचा विचार करून रचलेला आहे. छपरावरच्या सौरघटास पावसाची भीती असते म्हणून. दिवाणखान्यातल्या पडद्यावर पाऊस पडत नाही. त्याची गाठ पडावयाची ती गल्लीतल्या हातोडीशी, उघड्या जाळाशी आणि आम्लाच्या पिंपाशी.